माणशी एक पैसा
अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागत. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावास काचकारखाना निघाला. भट्टी पेटवणे सोपे; अवघड ते काच सावकाश निववणे. घाईने निवलेली काच आतून ताणलेली राहते आणि तापल्यावर पावसाचा थेंब पडताच तडकते. जर्मनीत ऑटो शॉट यांनी टाकणखारात असते ते बोरॉन काचेत घालून तिचे फुगणे-आखडणे तिसऱ्या हिश्शावर आणले. प्रयोगशाळांतील नळ्या त्यामुळे टिकल्या. आपल्याकडे कसोटी कंदिलाची! १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला. पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. नगरकडे आमच्या आजोळी त्याची काच आजी स्वतः राखेने पुसे. आम्हां पोरांस हात लावू देत नसे.