तलम कापडावरचा टाका

आमच्या गावच्या शाळेने यंदा खेळाडूंसाठी झुळझुळीत पॉलिएस्टरचे सदरे शिवून घेतले. छातीवर शाळेचे चिन्ह यंत्राने भरलेले. पण त्याभोवती अशा चुण्या पडल्या, की पोरे हसू लागली. कारण साधे आहे. कापड हलके, टाके दाट. दोऱ्याच्या ताणाने कापड आवळले जाते. मागे कागदी अस्तर घातले असते तर निभावले असते.

हे कोडे मात्र जुने आहे. लखनौच्या चिकनकारांना ते रोजच सोडवावे लागे. १७७५ साली नवाब आसफउद्दौल्याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौस आणली आणि तेथे कारागिरांना आश्रय मिळाला. (ही कला नूरजहानने आणली म्हणतात, पण ती दंतकथाच समजावी.) तिकडचा उन्हाळा कडक, तेव्हा अंगरखा हवा तो मलमलीचा. त्यावर जर चढवली तर कापड ओझ्यानेच लोंबायचे! म्हणून पांढऱ्यावर पांढरा सुती दोरा.

आता खुबी पाहा. ‘बखिया’त दोरा बहुतेक कापडाच्या पाठीमागे राहतो, पुढून दिसते ती पाकळीची कड आणि आत तिची सावली. ‘फंदा’ म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी गाठ, ‘मुर्री’ तांदळाच्या दाण्यासारखी. जाळीत तर सुईने उभे-आडवे धागे नुसते बाजूला सारून बांधायचे. एकही तोडायचा नाही. धागा तुटला की तलम कापड उसवलेच म्हणून समजा. नक्षी आधी लाकडी ठशाने कच्च्या निळ्या रंगात छापतात. भरणे संपले की धोबी तो रंग धुऊन काढतो.

१८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले. दरबारी गिऱ्हाईक गेले, माल बाजारासाठी होऊ लागला. पुढे हे काम बव्हंशी घरोघरच्या बायकांकडे आले, तेही नगावर, मध्यस्थामार्फत. डोळे बायकांचे जायचे, नफा मधल्या माणसाचा. मुजफ्फर अलींचा ‘अंजुमन’ हा १९८६ चा चित्रपट याच बायकांवर आहे. त्याआधी दोन वर्षे, १९८४ मध्ये, लखनौत ‘सेवा’ ही संस्था उभी राहिली आणि कित्येकजणींना मध्यस्थाला वगळून काम मिळू लागले. २००८ साली लखनवी चिकनला भौगोलिक मानांकनही मिळाले. मजुरीची घासाघीस मात्र अजून चालूच आहे. तेव्हा हातचा चिकनचा कुडता घ्याल, तर आधी तो उलटा करून पाठीमागचे टाके बघा आणि मगच भाव करा.