कण्याचा खालचा भाग आणि लैंगिक आरोग्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कण्याची इजा व लैंगिक क्रिया यांचा संबंध फार प्राचीन काळी नोंदला गेला. इ.स.पूर्व सुमारे १६०० मधील इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये मणका निखळलेल्या (मानेचा, कमरेचा नव्हे) रुग्णाची लिंगताठरता वर्णिली आहे. कारण मात्र १८६३ मध्ये उमगू लागले. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एकहार्ड यांनी कुत्र्याच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या मज्जातंतूंना विद्युत्-उत्तेजन देऊन ताठरता घडवून आणली. सरकलेली चकती मज्जातंतूंची मुळे दाबते, हे १९३४ मध्ये मिक्स्टर व बार यांनी दाखविले. दाब याच त्रिक-मुळांवर आल्यास मूत्रावरोध, जांघांमधील बधिरता व लैंगिक संवेदनांचा ऱ्हास उद्भवतो; शस्त्रक्रियेस विलंब झाल्यास तो कायमचा ठरू शकतो. तथापि कंबरदुखीच्या रुग्णास पायांविषयी विचारले जाते, कामजीवनाविषयी क्वचितच. शिवाय या इतिहासातील रुग्ण बहुधा पुरुषच. स्त्रियांच्या संवेदनांची दखल फार उशिरा घेतली गेली.