आधी अडचण, मग आद्याक्षरे

फायबरचे कनेक्शन असलेल्या घरात भिंतीवर एक लहानशी डबी लावलेली असते. तिच्यावर बारीक अक्षरांत पॉन, एलओएस, लॅन, डब्ल्यूलॅन असे काही छापलेले असते आणि प्रत्येक नावाशेजारी एक दिवा. नेट बंद पडले की ऑपरेटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एलओएस लाल दिसतोय का?" घरातले कुणीतरी वाकून बघते, "हो, लाल आहे" म्हणते आणि तिकडून उत्तर येते, "मग फायबर कट असेल, माणूस पाठवतो." एवढ्या बोलण्यात नेटवर्किंगमधले एक आद्याक्षरी नाव अगदी अचूक वापरले गेले. वापरणाऱ्याला त्याचा विस्तार ठाऊक नव्हता, पण प्रकाशाचा सिग्नल डबीपर्यंत येत नाही हे त्या दिव्याचे म्हणणे त्याला कळले होते, आणि काम व्हायला तेवढे पुरले.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत मला याच उदाहरणाने करावेसे वाटते. आद्याक्षरांचे विस्तार सांगणाऱ्या याद्या भरपूर मिळतात. डीएचसीपी म्हणजे डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, असे वहीत उतरवले की चार अक्षरांच्या जागी चार शब्द येतात आणि विद्यार्थी होता तिथेच राहतो. म्हणून माझा आग्रह वेगळा आहे. कोणतेही नाव समोर आले की आधी विचारावे: हे नसते तर काय अडले असते? नेटवर्किंगमधली बहुतेक नावे कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या अडचणीतून आली आहेत. अडचण उमगली की नाव पाठ करावे लागत नाही.

डीएनएस हे याचे उत्तम उदाहरण. अमेरिकेत १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झाले. त्यातल्या प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता होता, पण माणसांना नावे हवी होती. मग कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे सांगणारी एकच फाइल ठेवण्यात आली. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती सांभाळत असे. नवे यंत्र जोडले की तिथे कळवायचे, त्यांनी फाइलीत नोंद करायची आणि बाकीच्यांनी ती फाइल पुन्हा उतरवून घ्यायची. यंत्रे मोजकी होती तोवर हे निभले. संख्या वाढली तशी फाइल फुगली, लोकांकडच्या प्रती शिळ्या राहू लागल्या आणि एका जागेवर सगळा भार येऊ लागला. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर मांडलेला तोडगा म्हणजे डीएनएस. त्यात सगळी नावे एका ठिकाणी नसतातच. 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' हे नाव यंत्र उजवीकडून वाचते. 'इन' सांभाळणारा 'गव्ह' कुठे आहे ते सांगतो, 'गव्ह' सांभाळणारा 'महाराष्ट्र'चा ठावठिकाणा सांगतो. प्रत्येकाने आपापल्या हाताखालची यादी तेवढी सांभाळायची. इतक्या साध्या वाटणीवर गेली चाळीस वर्षे इंटरनेटचा नावनिशीचा सगळा कारभार चालला आहे. मला हा या क्षेत्रातला सर्वांत देखणा विचार वाटतो.

आता एक रोजची गोष्ट जवळून बघू. लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडला, पासवर्डही बरोबर पडला, तरी त्या क्षणी लॅपटॉपला स्वतःचा आयपी पत्ता नसतो. ज्याला पत्ताच नाही त्याने पत्ता मागायचा कसा? डीएचसीपीने हा पेच असा सोडवला आहे. लॅपटॉप ०.०.०.० या नावापुरत्या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांना, हाक घालतो: पत्ता देणारे कुणी आहे का? हा 'डिस्कव्हर'. राउटर म्हणतो, १९२.१६८.१.७ मोकळा आहे, चालेल? ही 'ऑफर'. लॅपटॉप म्हणतो, तोच द्या. ही 'रिक्वेस्ट'. राउटर म्हणतो, दिला, अमुक इतक्या मुदतीसाठी. हा 'अ‍ॅक'. ऑफर मिळालीच होती, तर पुन्हा विनंती कशासाठी, असा प्रश्न चांगल्या विद्यार्थ्याला पडतोच. एकाच नेटवर्कवर पत्ते देणारे दोघे असू शकतात. विनंतीही सगळ्यांना ऐकू जाते, त्यामुळे ज्याची ऑफर घेतली नाही तो आपला पत्ता परत मोकळा करतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये कुणीतरी घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडला की निम्म्या संगणकांचे नेट जाते, ते यामुळेच. पत्ते वाटणारे दोन झालेले असतात आणि दुसरा चुकीचा गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे चुकीचे दार, सांगत असतो. आणि पत्ते देणारा कुणीच सापडला नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसते. हा आकडा दिसला की अनुभवी माणूस ब्राउझरकडे बघतसुद्धा नाही, थेट केबल आणि राउटर तपासायला जातो.

पत्ता मिळाला, तरी लगेच सुरुवात होत नाही. आयपी पत्त्यासोबत आणखी एक पत्ता असतो, मॅक. हा ४८ बिटांचा असून नेटवर्क कार्ड बनवणाऱ्याने घातलेला असतो. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी ओळखता येते. दोन पत्ते कशाला, हा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात येतो. लॅपटॉप नाशिकहून पुण्याला नेला की त्याचा आयपी बदलतो, कार्डाचा मूळ मॅक तोच राहतो. यंत्र कोणते हे मॅक सांगतो. ते जगाच्या नेटवर्कमध्ये कोणत्या भागात सापडेल हे आयपी सांगतो. घरातल्या घरात, तारेवरून किंवा हवेतून, माहितीचा तुकडा पोहोचवताना मॅकच लागतो. त्यामुळे लॅपटॉप पुन्हा सगळ्यांना विचारतो: १९२.१६८.१.१ कुणाचा? राउटर आपला मॅक कळवतो. या विचारपुशीला एआरपी म्हणतात, १९८२ पासून ती अशीच चालू आहे. यानंतर डीएनएसला नाव विचारले जाते, मग टीसीपीचे तीन निरोप होतात (मी बोलू का, बोल, बोलतो) आणि तेव्हा कुठे पान उघडायला लागते. हे सगळे बहुधा सेकंदाच्या आत आटोपते.

आयपी पत्त्यांच्या टंचाईवर थोडे थांबायला हवे, कारण आज घराघरांत आणि दुकानादुकानांत दिसणारे अनेक घोटाळे तिथून सुरू होतात. आयपीची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पत्त्याला ३२ बिटे दिलेली आहेत, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी हे अफाट वाटले असणार. पण जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तोवर निभावले ते नॅटमुळे. मोठ्या सोसायटीला बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच असतो, आतले फ्लॅट वेगवेगळे, आणि कुणाकडून काय बाहेर गेले ते गेटवरच्या वहीत लिहिलेले असते. राउटरही तशीच नोंद ठेवतो आणि उत्तर आले की वही बघून आतल्या योग्य यंत्राकडे पाठवतो. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणूनच कोल्हापुरातल्या घरात आणि दुबईतल्या ऑफिसात १९२.१६८.१.१ एकाच वेळी सुखाने नांदू शकतो.

मात्र या सोयीची किंमत आहे. पत्ते इतके कमी पडले की कंपन्यांनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली. हा सीजी-नॅट. त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवले गेले. दुकानदार सीसीटीव्हीचा डीव्हीआर घरी बसून बघायचा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारी विनंती आतल्या यंत्राकडे वळवण्याची सोय, करतो, सगळे नीट करतो, तरी कॅमेरा दिसत नाही. त्याच्या राउटरच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, पानावर १०० ने सुरू होणारा आणि या टप्प्यात बसणारा पत्ता असेल, तर दोष त्याच्या सेटिंगचा नाही. बाहेरून येणारी विनंती वरच्या नॅटपाशी थांबते, कारण तिथल्या वहीत तिची नोंदच नसते. 'स्टॅटिक आयपी'साठी जादा पैसे का मागितले जातात, याचे उत्तरही इथेच आहे. तीन-चार नावे कळली, तर सामान्य माणसाचा पैसा आणि मनस्ताप वाचतो. हे हस्तपुस्तक लिहावेसे वाटले त्याचे मोठे कारण हेच.

नेट गेल्यावर नेमके कुठे अडले आहे, हे शोधण्यासाठी, एखाद्या पत्त्याला हाक देऊन उत्तर येते का ते बघणाऱ्या पिंगइतके चांगले साधन नाही. अमेरिकेच्या लष्करी संशोधनशाळेत काम करणारे माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिले. पिंग पायरीपायरीने मारावे. आधी १२७.०.०.१: उत्तर आले तर संगणकातली नेटवर्कची यंत्रणा शाबूत आहे. मग १९२.१६८.१.१, किंवा आपला गेटवे जो असेल तो: उत्तर आले तर वाय-फाय आणि राउटर ठीक. मग ८.८.८.८ हा बाहेरचा एक सार्वजनिक पत्ता: उत्तर आले तर बाहेरची लाइनही ठीक. शेवटी एखाद्या वेबसाइटचे नाव. इथेच पहिल्यांदा अडले, तर दोष डीएनएसचा, आणि डीएनएसचा पत्ता बदलून काम भागू शकते. चार ओळी टाइप केल्यावर "नेट चालत नाही" या मोघम तक्रारीचे नेमके निदान हाती येते. काही सर्व्हर मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

वेगाबद्दल थोडक्यात. जाहिरातीतला १०० एमबीपीएस हा मेगाबिटचा आकडा. डाउनलोडच्या खिडकीत दिसतो तो बहुधा मेगाबाइटचा. आठाने भागले की १२.५, आणि फसवले गेल्याची भावना निम्म्याहून अधिक वेळा इथेच निवळते. वेग आणि विलंब या मात्र दोन निराळ्या गोष्टी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन निदान ७२ मिलिसेकंद. केबल तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे वळसा घेते, तेव्हा प्रत्यक्षात अधिकच. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी हा आकडा त्याखाली जायचा नाही.

अभ्यासक्रमात सुरुवातीलाच ओएसआयचे सात थर पाठ करायला लावतात, हे मला पटत नाही. आयएसओने ही मांडणी १९८४ मध्ये प्रमाण केली. प्रत्यक्ष इंटरनेट मात्र टीसीपी-आयपीवर उभे आहे, ज्यावर अर्पानेट १ जानेवारी १९८३ रोजीच आले होते. थरांची भाषा उपयोगी आहेच, 'लेयर टू स्विच' किंवा 'लेयर थ्री स्विच' हे शब्द बाजारात रोज लागतात. पण दोन पत्त्यांची गरज ज्याला कळली त्याला दुसरा आणि तिसरा थर आपोआप कळतो. म्हणून थरांचे प्रकरण इथे शेवटी ठेवले आहे.

मुळातून वाचू इच्छिणाऱ्यांसाठी एक खजिना खुला आहे. इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या कागदपत्रांत असतात. पहिले एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने लिहिले. हुकूम काढण्याचा अधिकार आपल्याला नाही, या जाणिवेने त्याने त्याला 'अभिप्रायासाठी विनंती' म्हटले, आणि तेच नाव रुजले. आज हजारो आरएफसी कुणालाही फुकट वाचता येतात. आपल्या लिपीचा प्रश्नही त्यांतूनच सुटला. डीएनएसमध्ये नावे रोमन अक्षरांतच लिहिण्याची रीत असल्याने इतर लिप्यांसाठी २००३ मध्ये प्युनिकोड नावाची पद्धत ठरली, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' देवनागरीत सुरू झाले. आपण मराठी नाव टाइप करतो तेव्हा ब्राउझर पडद्यामागे त्याची एक्स-एन ने सुरू होणारी रोमन ओळ बनवून डीएनएसला विचारतो.

पहिले प्रकरण आयपी पत्त्याचे आहे. त्यात सहावी आवृत्तीही सविस्तर येईल, कारण १२८ बिटांचा तो पत्ता भारतातल्या कोट्यवधी मोबाइलवर आज प्रत्यक्ष चालू आहे. विंडोजचा संगणक जवळ असेल, तर वाचायला घेण्याआधी कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवा आणि समोर आलेले आकडे एका कागदावर उतरवून ठेवा. आयपीव्ही४, सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे: या तिन्ही ओळी पहिल्या दहा पानांतच लागणार आहेत.