शिल्याक, द्रागोस्लाव

शिल्याक, द्रागोस्लाव : (जन्म १० सप्टेंबर १९३३). सर्बियन-अमेरिकन विद्युत अभियंता. मोठ्या, गुंतागुंतीच्या प्रणालींचे स्थैर्य आणि विकेंद्रित नियंत्रण यांवरील संशोधनासाठी प्रसिद्ध. जन्म बेलग्रेड येथे. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या युगोस्लाव्ह वॉटरपोलो संघात त्यांचा समावेश होता. बेलग्रेड विद्यापीठातून १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर १९६४ मध्ये ते कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा विद्यापीठात रुजू झाले व तेथेच प्राध्यापक म्हणून त्यांची कारकीर्द घडली.

आरंभीचे संशोधन अरेषीय नियंत्रण प्रणालींवर होते. प्राचलांची मूल्ये कोणत्या मर्यादेत बदलली तर प्रणाली स्थिर राहते, हा त्यातील मुख्य प्रश्न. पुढे हाच प्रश्न त्यांनी प्रणालीच्या रचनेला लावला : प्राचले नव्हे, तर घटकांमधील जोडण्याच बदलल्या तर?

जोडणी-स्थैर्य : वीजजाळ्यातील वाहिनी अचानक बंद पडते आणि काही वेळाने पुन्हा सुरू होते. सर्व जोडण्या शाबूत आहेत असे धरून स्थिर ठरवलेली प्रणाली अशा वेळी कोलमडू शकते. जोडण्या कोणत्याही क्रमाने तुटल्या वा जुळल्या तरी टिकणाऱ्या स्थैर्याची संकल्पना शिल्याक यांनी १९७० च्या दशकात मांडली. प्रत्येक उपप्रणालीसाठी स्वतंत्र ल्यापुनोव फलन (प्रणाली समतोलाकडे परतते की नाही हे तपासणारे, ऊर्जेसारखे फलन) घेऊन त्यांवरून एक लहान सारणी तयार होते. तिच्या कर्णावर उपप्रणालींचे स्वतःचे स्थैर्य आणि कर्णाबाहेर परस्परप्रभावांच्या कमाल मर्यादा येतात. कर्णावरील पदे पुरेशी वरचढ असली की स्थैर्याची हमी मिळते. ही अट पुरेशी असली तरी आवश्यक नाही. उपकारक जोडण्यांचा लाभ तीत धरला जात नाही, म्हणून निष्कर्ष बरेचदा गरजेपेक्षा कडक येतो.

जैविक समुदायातील गुंतागुंत वाढली की स्थैर्य घटू शकते, असे परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. त्या चर्चेत शिल्याक यांनी १९७४ मध्ये 'नेचर'मधील लेखातून परिसंस्थांच्या जोडणी-स्थैर्याचा विचार मांडला. बाजारातील समतोल आणि अंतराळयानांचे नियंत्रण या क्षेत्रांतही त्यांनी ही पद्धत वापरली.

विकेंद्रित नियंत्रण : येथे प्रत्येक नियंत्रक फक्त आपल्या उपप्रणालीच्या मापनांवर चालतो. सर्व माहिती एका केंद्राकडे धाडण्याचा खर्च व विलंब टळतो आणि दूरची जोडणी तुटली तरी स्थानिक नियंत्रण चालू राहते. मात्र दोन विद्युत क्षेत्रांना जोडणाऱ्या वाहिनीसारखा काही भाग दोघांचा सामाईक असतो. त्यासाठी मासाओ इकेदा यांच्यासह शिल्याक यांनी समावेशन तत्त्व विकसित केले. सामाईक भाग दोन्हीकडे मोजून प्रणाली विस्तारायची, विस्तारित रूपात नियंत्रक वेगवेगळे आखायचे आणि मग ते मूळ प्रणालीवर आणायचे, अशी ही रीत आहे. प्रणाली कोठे विभागावी यासाठी शिल्याक व त्यांचे सहसंशोधक सेझर यांनी एप्सिलॉन-विघटन सुचवले. त्यात ठरावीक मर्यादेखालील क्षीण जोडण्या वगळून घट्ट जोडलेले गट वेगळे काढतात.

'लार्ज-स्केल डायनॅमिक सिस्टिम्स' (१९७८) व 'डीसेंट्रलाइझ्ड कंट्रोल ऑफ कॉम्प्लेक्स सिस्टिम्स' (१९९१) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ. अलेक्सांदर झेचेविच यांच्यासह लिहिलेला ग्रंथ २०१० मध्ये निघाला. त्याच वर्षी त्यांना रिचर्ड ई. बेलमन कंट्रोल हेरिटेज पुरस्कार मिळाला.