देवीचं सोंग

राजूरला येणारा पाहुणा आधी पेढे घेतो, मग भंडारदऱ्याची वाट विचारतो. मला मात्र गावाचं नाव निघालं की आज्जीची चूल आठवते, आणि तिच्या तोंडून ऐकलेले तात्या. आजोबांचे धाकटे भाऊ.

आमच्या डांगाण भागात बोहाडा असतो. मशाली पेटतात, संबळ घुमतो, मुखवटे बांधून रात्रभर एकेक सोंग नाचत येतं. बाईची सोंगंही पुरुषच घेतात. तात्यांकडे देवीचं सोंग होतं. नागलीची भाकरी थापता थापता आज्जी सांगायची, "भावजी लुगडं नेसले ना, की निऱ्या माझ्यापरीस झ्याक पडायच्या." चौकात सोंग आलं की बायाबापड्या तान्ही पोरं त्यांच्या पायावर घालायच्या. सकाळी मुखवटा उतरला की तेच गाव त्यांच्या चालण्याची नक्कल करायचं.

तात्यांनी लग्न केलं नाही. घरात कुणी नसलं की ते आज्जीच्या हिरव्या बांगड्या भरून ओट्याशी बसायचे. आज्जी दार लोटून घ्यायची आणि दोघांचा चहा टाकायची. हे 1972च्या दुष्काळाआधीचं की नंतरचं, ती कधी असं सांगायची, कधी तसं.

तमाशातही पूर्वी नाच्या पोऱ्याच बाई व्हायचा. पुढं आमच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि तिनं मुलूख वेडा केला. गणपत पाटलांनी सिनेमात नाच्या इतका जिवंत केला, की लोक त्यांना खरोखर तसंच समजू लागले. त्याची झळ घरच्यांनाही बसली.

आता भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून जिकडं उसाला जातं, त्या श्रीरामपुरातून दिशा पिंकी शेख लिहित्या झाल्या. तृतीयपंथी म्हणून जगलेलं त्यांनी फेसबुकवर लिहिलं, मंचावरून म्हटलं, 'कुरूप' या कवितासंग्रहात मांडलं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. 2019 साली दिशाताई वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. बिनमुखवट्याचं बोलणं, तेही राजकारणाच्या मंचावरून! तात्यांच्या वाट्याला असा एक दिवस यायला हवा होता, असं मला फार वाटतं.

मोबाइलवर दिशाताईंचं बोलणं मी आत्याला ऐकवलं. तिनं ते दोनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "तात्यांवर लिही, पण नाव छापू नको." मला छापायचं आहे. तिची समजूत पटेपर्यंत तात्या एवढंच लिहितो.