पेटकर, मुरलीकांत राजाराम
(१ नोव्हेंबर १९४४ – ). युद्धात जायबंदी झाल्याने सैन्यसेवा सोडावी लागलेले भारतीय जवान व अपंग जलतरणपटू. जन्म सांगली जिल्ह्यातील पेठ येथे. सैन्यात ते मुष्टियोद्धे म्हणून नावाजले होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले, उपचार म्हणून सुरू केलेले पोहणेच पुढे कामी आले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मी. मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे हे पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पुढे पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. केंद्र सरकारच्या कौतुकाला मात्र फारच उशीर झाला : पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये.