लोहचुंबकाच्या दारावर

मागे एकदा नात्यातल्या वयस्क काकींना पाठीच्या कण्याच्या एमआरआयसाठी घेऊन गेलो होतो. काकींनी सवयीप्रमाणे अंबाड्यावर अबोलीची फाती माळली होती. तिथली तंत्रज्ञ, पंचविशीतली मुलगी, हातात अर्ज घेऊन आली आणि पहिल्यांदा त्या फातीकडेच पाहू लागली.

"काकी, फाती सुंदर आहे, पण तिची पीन काढायला हवी."

मग बांगड्या, मंगळसूत्र, कमरेची चावी. त्यानंतर प्रश्न सुरू झाले. डोक्याचे ऑपरेशन झाले आहे का? हृदयात पेसमेकर आहे का? कानात यंत्र? कधी डोळ्यांत लोखंडाचा कीस गेला होता का?

काकी वैतागल्या. "बाय, मी जन्मभर चूल फुंकली. डोळ्यांत गेला तो धूर! आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय ना सगळं?"

"लिहिलंय, काकी. तरी मला विचारावंच लागतं."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. डॉक्टरांनी लिहून दिल्यावरही तिला का विचारावे लागते? घरी आल्यावर थोडे वाचन केले, आणि ध्यानात आले की तो अर्ज म्हणजे एक छोटासा इतिहासग्रंथच आहे. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांच्या मागे कोणीतरी एक माणूस उभा आहे. आज त्याच इतिहासाविषयी लिहावेसे वाटते.

सुरुवात जरा मागून करू. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यांचा धोका कळायला वेळ लागला, आणि त्याची किंमत आधी यंत्र चालवणाऱ्यांनीच मोजली. बोटे झडली, हात कापावे लागले. एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये त्यातच गेला. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे अशा बळींचे स्मारक १९३६ मध्ये उभे राहिले. त्यावर पहिल्यांदा १६९ नावे होती. तेव्हापासून 'किरण' म्हटले की रुग्णालयात सगळे सावध होतात. शिशाचा एप्रन, जाड भिंती, दारावरचा लाल दिवा, हे सारे त्या भीतीतून आले.

एमआरआयची कुळकथा वेगळी. अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींना प्रतिसाद देतात हे फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये वेगवेगळे दाखवून दिले. १९५२ चे नोबेल दोघांना मिळाले. रोगग्रस्त आणि निरोगी पेशी या प्रतिसादावरून ओळखता येतील असे १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी मांडले. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी त्यातून चित्र कसे काढायचे ते दाखवले, आणि इंग्लंडात पीटर मॅन्सफील्ड यांनी ते चित्र झटपट काढण्याचे गणित बसवले. २००३ चे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले. डमाडियन वगळले गेले आणि त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला, ती गोष्ट अनेकांना ठाऊक असेल.

त्या काळी सुरक्षिततेचे नियम कसले? शास्त्रज्ञ स्वतःच यंत्रात शिरत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डमाडियन १९७७ मध्ये आपल्या 'इन्डॉमिटेबल' नावाच्या यंत्रात स्वतः बसले. पण संदेश काही मिळेना. आपला देह त्या वेटोळ्यासाठी जास्तच भरदार आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला! त्यांचा सडपातळ विद्यार्थी मात्र लगेच तयार झाला नाही. गुरूंना काही अपाय होत नाही ना, हे त्याने काही आठवडे पाहिले आणि मगच तो आत बसला. ३ जुलै १९७७ रोजी मानवी छातीचे पहिले चित्र मिळाले, त्याला पावणेपाच तास लागले. पुढच्या वर्षी मॅन्सफील्ड स्वतः आपल्या यंत्रात उभे राहिले. चुंबकीय क्षेत्र झटक्याने बदलल्यास हृदयाला धोका होऊ शकेल, असा इशारा त्यांना आधीच मिळाला होता. त्यांनी आपले गणित पुन्हा तपासले आणि आत शिरले.

दोघांनाही काही झाले नाही. चुंबक शरीराला इजा करत नाही, किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही. म्हणजे हे यंत्र निर्धोक, असा समज रूढ झाला. या तंत्राच्या मूळ नावात 'न्यूक्लिअर' हा शब्द होता. तो ऐकून लोक बिचकत, म्हणून १९८० च्या दशकात तो गळाला आणि 'मॅग्नेटिक रेझोनन्स इमेजिंग' उरले. गंमत पाहा, ज्या शब्दात धोका नव्हता तो लोकांच्या भीतीपोटी काढून टाकला. आणि खरा धोका ज्या शब्दात होता त्या 'मॅग्नेटिक' ला कोणीच घाबरले नाही. लोहचुंबकाला काय घाबरायचे? खाणींच्या या गोव्यात लोखंडाशी आमचा जुना घरोबा. शाळेत मातीत चुंबक फिरवून काळा कीस गोळा केलेली आम्ही मुले!

पण हा चुंबक त्या जातीचा नव्हे. रुग्णालयात सर्रास आढळणारे यंत्र १.५ टेस्लाचे असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीसेक हजार पट. त्याच्या पोटात निओबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेली असतात. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो. एकदा सोडलेली वीज मग फिरतच राहते. आता महत्त्वाची गोष्ट. तपासणी संपली, दिवे मालवले, रात्री दाराला कुलूप लागले, तरी असा चुंबक चालूच असतो. पंख्यासारखे बटण दाबून तो बंद होत नाही. तातडीने बंद करायचाच तर हेलियम उकळून बाहेर सोडावा लागतो. त्यालाही मिनिटभर तरी जातो, खर्च प्रचंड येतो, आणि वायू बाहेर नेणारी नळी नीट नसेल तर तोच वायू खोलीतला ऑक्सिजन हुसकावून लावतो.

शिवाय ओढ हळूहळू वाढत नाही. दारापाशी हातातल्या वस्तूला काहीच जाणवत नाही. आणखी दोन पावले टाकली की ती एकदम हातातून निसटते.

आता तो अर्ज पुन्हा हातात घेऊ.

डोळ्यांतल्या किसाचा प्रश्न. पत्र्याचे काम केलेल्या एका माणसाच्या डोळ्यात लोखंडाची बारीक कपची कित्येक वर्षे पडून होती. त्याला तिचा पत्ताही नव्हता. एमआरआयच्या वेळी ती हलली, डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोरेडिऑलॉजीच्या नियतकालिकात ही हकीकत छापून आली. काकींनी चूल फुंकली हे खरे, पण आमच्याकडे बार्जदुरुस्तीच्या यार्डात, लेथवर, वेल्डिंगच्या दुकानात उमर घालवलेले किती लोक आहेत! त्यांच्यासाठी हा प्रश्न थट्टेचा नाही.

डोक्याच्या ऑपरेशनचा प्रश्न. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी चिमट्यासारख्या क्लिपने बंद करतात. जुन्या काही क्लिपा चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या होत्या. अशी क्लिप असलेल्या एका स्त्रीला यंत्राजवळ नेताच ती सरकली आणि त्या स्त्रीचा मृत्यू झाला. १९९३ मध्ये 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात हे प्रकरण प्रसिद्ध झाले. क्लिपची चौकशी केलीच नव्हती असे नाही. केली होती, पण मिळालेली माहिती चुकीची निघाली. 'लिहिलंय, तरी विचारावंच लागतं' याचा अर्थ मला इथे कळला.

पेसमेकरचा प्रश्न. पेसमेकर असेल तर एमआरआय नाहीच, असा दंडक कित्येक वर्षे होता. ठरावीक अटींवर एमआरआय चालेल अशा पेसमेकरला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे आता उत्तर नुसते 'हो' किंवा 'नाही' नसते. कोणती कंपनी, कोणते मॉडेल, कोणत्या तारा, किती टेस्ला, हे पाहावे लागते. रुग्णालयाने दिलेले कार्ड जपून ठेवा म्हणतात ते यासाठी.

आणि मंगळसूत्र? सोने चुंबकाला चिकटत नाही, हे खरे. पण रेडिओलहरींनी धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडते. याच लहरींमुळे गुंडाळलेल्या वायरींनी किंवा एकमेकांना चिकटलेल्या उघड्या हातापायांनी भाजल्याची उदाहरणे आहेत. तंत्रज्ञ हातांची घडी घालू देत नाही, मध्ये कापड सरकवते, ते उगीच नव्हे.

तरीही नियमांची बैठक बसायला एक मूल जावे लागले. २७ जुलै २००१. न्यूयॉर्कच्या उत्तरेस वॅलहॅला गावातले रुग्णालय. मेंदूतली गाठ काढलेला सहा वर्षांचा मुलगा गुंगीच्या औषधाखाली यंत्रात होता. त्याला मिळणारा ऑक्सिजन कमी पडला. भूलतज्ज्ञाने ऑक्सिजन मागितला. तंत्रज्ञ तो बिघाड पाहायला बाजूला गेलेले. बाहेरच्या एका परिचारिकेने धावपळीत हाताशी आलेला पोलादी सिलिंडर पुढे केला. तो उडाला आणि मुलाच्या डोक्यावर आदळला. दोन दिवसांनी मूल गेले. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. सगळे त्याला वाचवायलाच धावले होते. त्या क्षणी दारावर 'थांबा' म्हणणारे कोणी नव्हते, एवढेच.

त्यानंतर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने तज्ज्ञांची समिती नेमली आणि २००२ मध्ये मार्गदर्शक नियम आले. जागेचे चार भाग करायचे. पहिला सर्वांना खुला, दुसरा विचारपूस करण्याचा, तिसरा कडक बंदोबस्ताचा आणि चौथा प्रत्यक्ष चुंबकाचा. गोव्याच्या वाचकाला हे नव्याने समजवायला नको. महाद्वार, सभामंडप, चौक आणि गर्भकुडी! कुठपर्यंत कोणी जायचे हे ठरलेले, आणि दाराशी द्वारपाल.

पण या नियमांतली खरी क्रांतिकारक गोष्ट वेगळीच. आतल्या भागांचा ताबा एमआर-सुरक्षेचे शिक्षण घेतलेल्या माणसांकडे दिला गेला. ते शिक्षण नसलेला कोणीही, मग तो डॉक्टर असो वा रुग्णालयाचा प्रशासक, त्यांच्या परवानगीशिवाय आत जाऊ शकत नाही. आत रुग्णाचे हृदय थांबले तरी सगळी फौज आत न्यायची नाही. छातीवर दाब देत रुग्णालाच बाहेर आणायचे. पुढे २००५ मध्ये वस्तूंवर लावायच्या खुणाही ठरल्या: सुरक्षित, अटींवर सुरक्षित, असुरक्षित. नंतरच्या दशकात एमआर-सुरक्षा अधिकारी अशी स्वतंत्र जबाबदारी आणि तिची परीक्षा आली. हे काम बहुधा तंत्रज्ञच करतात.

आपल्याकडे काय? दिल्लीच्या 'इन्मास' संस्थेत १९८६ मध्ये एमआरआय आले तेव्हापासून यंत्रे गावोगाव पोहोचली. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या कर्करोग केंद्रात ऑक्सिजन सिलिंडर आत नेला गेला आणि तो व यंत्र यांच्यामध्ये एक वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ सुमारे चार तास अडकून पडले. चुंबक वेळीच बंद करता आला नाही. दोघे वाचले. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात बत्तीस वर्षांचा एक तरुण नात्यातल्या आजारी बाईसोबत आला होता. तिचा सिलिंडर त्याच्याच हातात होता. यंत्र बंद आहे असे त्याला सांगण्यात आले, असे घरच्यांचे म्हणणे. तो सिलिंडरसकट ओढला गेला. सिलिंडरमधून सुटलेल्या वायूने त्याचा बळी घेतला.

आमच्या रुग्णालयांत स्ट्रेचर ढकलायला, बाटली धरायला नातेवाईकच लागतात. 'चल, उचल' म्हटले की आपण उचलतो. मोठ्या माणसाने सांगितलेल्या गोष्टीला धाकट्याने अडवायचे नसते, ही आमची रीत. घरात ती शोभते, पण चुंबकाच्या दारावर ती जीव घेते. त्यातून कायद्याची गोष्ट अशी की एक्स-रे आणि सीटीवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एमआरआयमध्ये तसे किरणच नसल्यामुळे ते त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. धोक्याची कल्पना आपण अजून किरणांशीच बांधून ठेवली आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एकसष्ट वर्षांचे गृहस्थ पत्नीला टेबलावरून उठवायला आत गेले. गळ्यात व्यायामाची जड साखळी होती. त्यातच ते गेले.

चित्र कसे काढायचे हे शोधणाऱ्यांना नोबेल मिळाले, आणि ते योग्यच. पण माणूस जसा आत गेला तसाच बाहेर यावा, याची जबाबदारी रोज सकाळी जिच्यावर पडते तिचे नाव आपण विचारतही नाही. तिच्याजवळ एक अर्ज असतो आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार. तो अधिकार नियमाने दिला तरी तो टिकतो आपल्या मान देण्यावर. डॉक्टरांनी मान द्यायला हवा, आणि आपणही.

त्या दिवशी तपासणी संपल्यावर काकींनी पदर सावरला आणि पीन परत मागितली. त्या मुलीने ती कागदाच्या पुडीत जपून ठेवली होती. काकींनी फाती नीट माळून घेतली, त्यातली चार अबोली तोडून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाय, विचारत जा हां सगळ्यांना. आमच्यासारखे कुरकुरले तरी विचार."